गुरुवारचा कोरा पडदा



आज मी आपणांस अशा एका देशाची हकीकत सांगणार आहें, कीं जेथील सरकारी दूरदर्शन आठवड्यांतून एक सायंकाळ आणि वर्षांतून एक अख्खा महिना बंद असे. यंत्र बिघडलें म्हणून नव्हे, वीज गेली म्हणून नव्हे. तसें ठरलेलेंच होतें म्हणून. गुरुवार आला कीं घरोघरच्या संचांचा पडदा कोरा राही, आणि जुलै लागला कीं तो महिनाभर कोरा राही. या देशाचें नांव आइसलंड.

हें वर्तमान मीं प्रथम वाचलें तेव्हां मला हसूं आलें, आणि लगेच मी थोडा ओशाळलोंहि. त्याचें कारण सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. माझें लहानपण पुण्यांतील एका वाड्यांत गेलें. मुंबईचें दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढच्याच वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें तें पुण्यांत दिसूं लागलें. आमच्या वाड्यांतला पहिला संच माडीवरच्या बिऱ्हाडांत आला. मी तेव्हां शाळेंत होतों. चातुर्मासांत माझे वडील रोज रात्रीं ओसरीवर ‘पांडवप्रताप’ वाचीत, आणि वाड्यांतलीं दहा-बारा माणसें ऐकावयास बसत. पुढें ‘छायागीत’ सुरू झालें. तें गुरुवारीं लागे, आणि नेमकें पोथीच्या वेळेला लागे. ओसरीवरचीं माणसें एकामागून एक कांहीं ना कांहीं निमित्त काढून उठूं लागलीं. मीहि चपला हातांत घेऊन जिना चढत असें. खालीं वडिलांच्या पुढें माझी आई आणि शेजारच्या एक वृद्ध बाई अशा दोघीच उरत. वडिलांनीं वाचन कधीं थांबविलें नाहीं आणि मला कधीं एका शब्दानें विचारलें नाहीं.

म्हणून, जगाच्या दुसऱ्या टोकाला, त्याच वर्षांत, त्याच वारीं, एका अख्ख्या राष्ट्रानें आपला पडदा मिटून ठेवला होता हें वाचल्यावर ती गोष्ट मुळापासून समजून घ्यावी असें माझ्या मनानें घेतलें.

आइसलंड हें उत्तर अटलांटिक महासागरांतील बेट आहे. नकाशावर तें लहान दिसत नाहीं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याएवढें आहे. परंतु आंतला बहुतेक मुलूख हिमनद्यांचा, ज्वालामुखींचा आणि थिजलेल्या लाव्ह्याचा. माणसें काय तीं किनाऱ्याच्या कडेकडेनें राहतात. ज्या काळाबद्दल मी बोलणार आहें त्या १९६० नंतरच्या दशकांत या सबंध राष्ट्राची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती, आणि आजहि ती चार लाखांच्या आंतच आहे. एवढ्या माणसांचें निराळें राज्य, निराळें सरकार आणि निराळी भाषा! त्यांची आल्थिंग ही लोकसभा सन ९३० मध्यें स्थापन झालेली. देश अनेक शतकें प्रथम नॉर्वेच्या व मग डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखालीं होता. १७ जून १९४४ रोजीं तें प्रजासत्ताक झालें.

राज्य गेलें तरी या लोकांनीं भाषा सोडली नाहीं. तेराव्या शतकांत चामड्यावर लिहिलेल्या त्यांच्या ‘सागा’ नांवाच्या गद्य कथा आजचीं शाळेंतलीं मुलें थोड्या साहाय्यानें वाचूं शकतात. आपली ज्ञानेश्वरी सन १२९० ची, म्हणजे त्याच शतकांतली. ती वर्गांत वाचावयास दिल्यावर आपल्या विद्यार्थ्यांची, आणि खरें सांगावयाचें तर कांहीं शिक्षकांचीहि, काय त्रेधा उडते तें मीं छत्तीस वर्षें पाहिलें आहे. आइसलंडच्या लोकांना हें कसें साधलें? त्याचीं कारणें विद्वान लोक अनेक सांगतात. त्यांतलें एक मला फार जवळचें वाटतें. तेथें हिवाळ्यांत दिवस जेमतेम चार तासांचा असतो. शेतकऱ्याच्या मातीच्या छपराखालच्या घरांत एका मोठ्या खोलींत सारें कुटुंब आणि गडीमाणसें एकत्र बसत. कोणी लोकर पिंजी, कोणी सूत काढी, कोणी विणी. आणि एकजण दिव्यापाशीं बसून मोठ्यानें वाची. या बैठकीला ‘क्वोल्दवाका’, म्हणजे सायंकाळचें जागरण, असें नांव होतें. आमच्या ओसरीवरची पोथी आणि ही बैठक यांत दिव्याच्या तेलाखेरीज फारसा भेद मला दिसत नाहीं.

आल्थिंगच्या स्थापनेला हजार वर्षें झालीं त्याच वर्षीं, २० डिसेंबर १९३० रोजीं, तेथें सरकारी नभोवाणी नियमितपणें सुरू झाली. तिनें या सायंकाळच्या वाचनाची जागा मोडली नाहीं. तीच जागा तिनें घेतली. सागांचें वाचन, लांबलचक कादंबऱ्यांचें क्रमशः वाचन, उपवासकाळांत सतराव्या शतकांतील एका धर्मोपदेशकाच्या पन्नास स्तोत्रांचें रोज एक याप्रमाणें पठण, असे कार्यक्रम वर्षानुवर्षें चालले. कोण वारलें आणि अंत्यविधि कोठें व केव्हां आहे हेंहि नभोवाणीवर नांवानिशीं वाचून दाखविण्याची तेथें रीत पडली. देश एवढा लहान, कीं ऐकणाराला त्या यादींतलें एखादें नांव ओळखीचें लागेच.

आतां दूरदर्शनाकडे वळूं. या देशाला स्वतःचें सैन्य नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत १९४० सालीं इंग्रज फौजा तेथें उतरल्या, पुढच्या वर्षीं अमेरिकन आले, आणि १९५१ च्या संरक्षण-करारानें अमेरिकन सैन्याचा तळ राजधानी रेकयाविकपासून सुमारें ५० किलोमीटरवरच्या केफ्लाविक येथें कायम झाला. घरापासून दूर राहिलेल्या शिपायांच्या करमणुकीसाठीं त्या तळावर १९५५ सालीं एक लहानसें दूरदर्शन केंद्र निघालें. तळाला कुंपण होतें. परंतु लहरींना कुंपण कोठून असणार? आरंभीं त्या क्षीण होत्या. पुढें केंद्राची शक्ति वाढविण्यास आइसलंडच्या सरकारनें परवानगी दिली, आणि मग राजधानीच्या छपरांवर केफ्लाविककडे तोंड केलेल्या आकाशतारा दिसूं लागल्या. लोकांनीं संच घेतले. मुलें संध्याकाळीं अमेरिकन गुराख्यांच्या आणि गुप्त पोलिसांच्या कथा पाहूं लागलीं, त्याहि इंग्रजींत, कारण भाषांतर करून देण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. हें केंद्र आइसलंडच्या लोकांसाठीं नव्हतेंच मुळीं. स्वतःचें असें दूरदर्शन नसलेलें एक राष्ट्र दुसऱ्या राष्ट्राच्या सैनिकांचें दूरदर्शन पाहत बसलें होतें.

मार्च १९६४ मध्यें देशांतील साठ नामांकित नागरिकांनीं आल्थिंगकडे एक विनंतिअर्ज केला. परदेशी सैन्याच्या केंद्रानें आपल्या देशांतील बहुसंख्य घरांत रोज प्रवेश करावा हें स्वतंत्र राष्ट्राला शोभत नाहीं आणि आपल्या संस्कृतीला धोक्याचें आहे, सबब तें प्रक्षेपण तळापुरतेंच मर्यादित करावें, अशी त्यांची मागणी होती. यावर मोठें वादळ उठलें. उलट बाजूनेंहि सह्या जमल्या. आमच्या घरांत आम्ही काय पाहावें हें सांगणारे हे साठजण कोण, असें लोक विचारूं लागले.

मीं हें प्रथम वाचलें तेव्हां अर्थातच त्या साठांच्या बाजूचा झालों. मास्तराचा धर्मच तो! परंतु पुढें विचार करतां मला दुसरी बाजूहि दिसूं लागली. या साठ मंडळींच्या घरीं ग्रंथ होते, राजधानींत नाटकगृह होतें, त्यांना एकमेकांची संगत होती. किनाऱ्यावरच्या एखाद्या खेड्यांत जिचा नवरा महिना महिना मासेमारीला गेला आहे, बाहेर वीस तासांचा काळोख आहे, आणि समोर एकुलतें एक हलतें चित्र आहे, तिला ‘हें चित्र तुझ्या भाषेंतलें नाहीं, सबब तें बंद कर’ असें सांगावयाचें आणि त्याच्या जागीं कांहींच द्यावयाचें नाहीं, हा कोठला न्याय? माडीवरच्या गाण्याकडे धांवणाऱ्या माझ्यासारख्या पोराला नुसती ताकीद देऊन काय झालें असतें? मी गच्चीवरून ऐकलें असतें.

तेथील राज्यकर्त्यांना हें कळत असावें. बंदीचा प्रश्न भिजत पडला. परंतु स्वतःचें दूरदर्शन उभारण्याचें काम वेगानें सुरू झालें. यांतली एक गोष्ट मोठी मौजेची आहे. पैसा आणावयाचा कोठून? तर परदेशांतून येणाऱ्या संचांवर जी जकात बसे तिचें उत्पन्न या कामाकडे लावण्यांत आलें. म्हणजे अमेरिकन चित्रें पाहण्यासाठीं ज्यानें ज्यानें संच विकत घेतला, त्यानें नकळत आपल्या भाषेंतील दूरदर्शनाची एकेक वीट बसविली. कामगार मंडळी डेन्मार्ककडे शिकून आली.

३० सप्टेंबर १९६६, शुक्रवार. त्या रात्रीं आइसलंडचें स्वतःचें दूरदर्शन प्रथम दिसलें. आरंभीं पंतप्रधान ब्यार्नी बेनेदिक्तसन यांना पत्रकारांनीं प्रश्न विचारले. त्याच रात्रीं हाल्दोर लाक्सनेस यांनीं स्वतःच्या कादंबरींतील भाग वाचून दाखविला. १९५५ चें वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक मिळविणारे ते हेच. देशाच्या दूरदर्शनाची पहिली रात्र, आणि पडद्यावर एक लेखक पुस्तक हातांत धरून वाचतो आहे! क्वोल्दवाकाच ती, फक्त दिव्याच्या ठिकाणीं पडदा आला. त्यानंतर, हेंहि सांगितलें पाहिजे, ‘द सेंट’ या इंग्रजी मालिकेंतलें एक साहस दाखविण्यांत आलें. पहिल्याच रात्रीं इंग्रजी साहसकथा कशाला, असें कोणी म्हणेल. मला तर ही शहाणपणाची गोष्ट वाटते. ज्यांना माडीवरून खालीं बोलवावयाचें आहे त्यांना नुसती पोथी ठेवून कसें भागेल?

आतां या इंग्रजी साहसकथेच्या निमित्तानें थोडें हिशेबाचें बोलूं. कारण लहान राष्ट्रांच्या दूरदर्शनाचें सारें दुखणें त्या हिशेबांत आहे. तासाभराचें नाटक चित्रित करावयाचें तर नट, दिवे, यंत्रें आणि नेपथ्य यांचा खर्च ठरलेला असतो. पाहणारे दोन लाख असोत कीं वीस कोटि असोत, त्यांत फरक पडत नाहीं. मोठ्या देशांत तो खर्च कोट्यवधि माथ्यांवर वांटला जातो, लहान देशांत मूठभर माथ्यांवर पडतो. उलट, परदेशी तयार मालिका विकत घ्यावयाची तर तिची किंमत घेणाऱ्या देशाच्या प्रेक्षकसंख्येच्या मानानें ठरते. म्हणून लहान देशाला ती फार स्वस्तांत मिळते. म्हणजे घरचें महाग आणि बाहेरचें स्वस्त, आणि राष्ट्र जितकें लहान तितकी ही तफावत मोठी. केवळ जमाखर्च पाहणारा कोणीहि कारकून अशा देशाला सल्ला देईल, कीं बाबांनो, तुम्ही आपलें कांहीं करूंच नका. सरकारी दूरदर्शन ही संस्था तेथें टिकली ती या सल्ल्याला न जुमानतां.

तिनें केलें तें असें. बातम्या, चर्चा, मुलांचे कार्यक्रम आणि सणावारांचे कार्यक्रम घरचे केले. बाकीची भर बाहेरच्या चित्रांची घातली, पण त्या प्रत्येक चित्राखालीं आपल्या भाषेंतलीं अक्षरें छापलीं. परकीय भाषेंतील कार्यक्रमाला आइसलंडी मजकुराची अथवा आवाजाची जोड असलीच पाहिजे असा तेथें कायदा आहे. अगदीं लहान मुलांसाठीं आवाज बदलतात. जरा मोठें झालें कीं मूल वाचूं लागतें. मास्तर या नात्यानें मला याचें भारी कौतुक वाटतें. खुनी कोण हें कळून घ्यावयाचें तर वाचतां आलें पाहिजे, आणि तेंहि झपाट्यानें! वाचनाचा याहून प्रभावी तास मीं आयुष्यांत घेतलेला नाहीं. ‘स्तुंदिन ओक्कार’, म्हणजे आमची घटका, हा मुलांचा कार्यक्रम १९६६ सालींच सुरू झाला आणि रविवारीं तो पाहण्याची रीत आजीपासून नातीपर्यंत पोंचली. शाळांशाळांमधील प्रश्नोत्तरांची एक स्पर्धा १९८६ पासून चालू आहे. तिच्या शेवटच्या फेऱ्या सारा देश पाहतो. क्रिकेटच्या सामन्यासारखी माणसें मुलांच्या सामान्य ज्ञानाचा सामना पाहतात, हें आमच्या शिक्षकांच्या खोलींत सांगितलें तर कोणी खरें मानणार नाहीं.

आणखी एक शिक्षकी मौज. १९७० नंतर कांहीं वर्षें तेथील दूरदर्शनावर फ्रेंच भाषेचे धडे दाखवीत. ते धडे देणाऱ्यांत विग्दिस फिनबोगादोत्तिर नांवाच्या एक बाई होत्या. घरोघरीं त्यांचा चेहरा परिचित झाला. पुढें त्या एका नाटकसंस्थेच्या संचालिका झाल्या, आणि १९८० सालीं लोकांनीं मतें देऊन त्यांना राष्ट्राध्यक्ष केलें. लोकांच्या मतांनीं निवडून आलेल्या त्या जगांतल्या पहिल्या स्त्री-राष्ट्राध्यक्ष. सोळा वर्षें त्या त्या पदावर होत्या. भाषांच्या रक्षणासाठीं त्यांनीं पुढेंहि पुष्कळ काम केलें. फ्रेंच शिकवितां शिकवितां आइसलंडी भाषेचा अभिमान वाढविणारी ही बाई मला आपल्या पेशाची वाटते, याचा मला थोडा गर्वहि आहे.

शब्दांचेंच पाहा ना. नवी वस्तु आली कीं तिचें परदेशी नांव जसेंच्या तसें न घेतां घरचा शब्द घडवावयाचा, असा या लोकांचा बाणा आहे. नभोवाणीला ते ‘उत्वार्प’ म्हणतात, म्हणजे बाहेर फेकणें. आणि दूरदर्शनाला ‘स्योनवार्प’, म्हणजे दृष्टि फेकणें. आपला ‘प्रक्षेपण’ हा शब्दहि क्षेप म्हणजे फेकणें यावरूनच आला आहे, हें पाहून मला परक्या मुलखांत गांवचा माणूस भेटल्यासारखें झालें. दूरध्वनीला त्यांनीं ‘सीमी’ हा धाग्यासाठीं असलेला जुना विसरलेला शब्द उकरून काढला. संगणकाला तर संख्या आणि भविष्य सांगणारी स्त्री या दोन शब्दांचा सांधा करून ‘तोल्वा’ म्हटलें. अंकांची भविष्यवादिनी! आपल्याकडे असे शब्द करणाऱ्यांची थट्टा होते. तेथेंहि होत असेल. पण थट्टा करणारेहि तोच शब्द वापरतात.

आतां त्या गुरुवाराकडे येतों. प्रथम आठवड्यांतून दोनच सायंकाळीं कार्यक्रम होत. मग वाढत वाढत ते सहा दिवस झाले, आणि सातवा, म्हणजे गुरुवार, मोकळा राहिला. यांत कोणी फार मोठें तत्त्वज्ञान पाहूं नये. माणसें थोडीं, पैसा थोडा. कामकऱ्यांना एक दिवस सुटी हवी. जुलैमध्यें सर्वांनींच रजेवर जावयाचें, कारण त्या महिन्यांत तेथें रात्र अशी होतच नाहीं आणि कोणाला घरांत बसावेंसें वाटत नाहीं. पण सोयीनें आलेली गोष्ट रूढ झाली कीं तिला अर्थ येतो. गुरुवार हा सभांचा, नाटकांचा, एकमेकांकडे जाण्याचा दिवस ठरून गेला. नभोवाणीलाहि त्या रात्रीं आपले जुने श्रोते परत मिळत. उपास मूळ कोणत्या कारणानें सुरू झाला हें आपणांपैकीं किती जणांना ठाऊक असतें? तरी त्या दिवसाला एक चव असतेच.

आणि जेव्हां पडदा उजळावयाचा तेव्हां तो सर्वांसाठीं एकदम उजळे. वर्षाच्या शेवटच्या रात्रीं तेथें ठिकठिकाणीं होळ्या पेटतात. त्या विझत आल्या कीं साडेदहाच्या सुमारास रस्ते ओस पडतात, कारण घरोघरीं त्या वर्षाची टवाळी करणारा एक विनोदी कार्यक्रम लागतो. १९६६ पासून ही चाल आहे. मंत्र्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांचीं सोंगें त्यांत निघतात. दुसऱ्या दिवशीं ज्याला त्याला एकच विचारावयाचें असतें: काल कसें होतें? २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर हेइमाएय या बेटावर जमीन दुभंगून ज्वालामुखी उसळला. सुमारें ५,३०० माणसें रातोरात नावांनीं सुखरूप हलविण्यांत आलीं. मागाहून आपलें गांव राखेखालीं जातांना त्यांनीं पाहिलें तें आपल्याच केंद्राच्या पडद्यावर आणि आपल्याच भाषेंत. अशा वेळीं सैन्याच्या केंद्रावरून परक्या निवेदकानें ती बातमी इंग्रजींत दिली असती, तर ती खोटी ठरली नसती. पण ती दुसऱ्याच्या गांवची बातमी झाली असती.

त्या केफ्लाविकच्या केंद्राचें पुढें काय झालें? आइसलंडचें स्वतःचें दूरदर्शन निघण्याच्या सुमारासच अमेरिकन अधिकाऱ्यांनीं आपलें प्रक्षेपण तळापुरतें ठेवण्याची तयारी दाखविली होती. तरी तें प्रत्यक्षांत यावयास १९७४ उजाडलें, आणि तेव्हांहि अनेक घरांतून हळहळ व्यक्त झाली. सैन्याचा तळच २००६ सालीं उठला.

गुरुवार मात्र कोणाच्या विनंतिअर्जानें गेला नाहीं. १९८४ च्या ऑक्टोबरांत सरकारी नोकरांचा मोठा संप झाला आणि नभोवाणी व दूरदर्शन दोन्हीं मुकीं झालीं. त्या शांततेंत हौशी लोकांनीं बेकायदा नभोवाणी केंद्रें चालविलीं. तीं लोकांना आवडलीं. पुढच्या वर्षीं कायदा बदलला, १९८६ च्या आरंभापासून सरकारची मक्तेदारी संपली, आणि ९ ऑक्टोबर १९८६ रोजीं ‘दुसरें केंद्र’ अशा अर्थाच्या नांवाचें एक खासगी दूरदर्शन निघालें. त्याला गुरुवारचें सोयरसुतक कशाला असणार? समोरचें दुकान उघडें असतां आपलें बंद कसें ठेवावयाचें? जुलैची सुटी १९८३ सालींच संपली होती. १ ऑक्टोबर १९८७, गुरुवार, या दिवशीं सरकारी केंद्रानेंहि पडदा उजळला. एकवीस वर्षांची चाल एका सायंकाळीं मोडली. ती मोडावी कीं राखावी असा प्रश्न कोणी राष्ट्रापुढें मांडून त्याचा निकाल केला असता तर मला एवढें वाईट वाटलें नसतें. प्रश्न मांडला गेला नाहीं. स्पर्धेनें तो परस्पर सोडवून टाकला.

आज ही संस्था सरकारच्या मालकीची कंपनी आहे. २००७ सालीं तिला तें रूप मिळालें. पूर्वीं संच बाळगणाऱ्याकडून वर्गणी घेत. २००९ पासून ती पद्धत जाऊन करपात्र उत्पन्नाच्या माणसांकडून आणि कंपन्यांकडून ठराविक पट्टी वसूल होते. जाहिरातीहि घेतात, आणि त्यावरून खासगी केंद्रें कुरकुर करतात. तें भांडण तेथेंहि चालूच आहे. पण आतांचें खरें संकट निराळें आहे. लहान मुलाच्या हातांतल्या यंत्रावर जगभरचीं चित्रें रात्रंदिवस येतात, आणि त्यांखालीं आइसलंडी अक्षरें छापण्याचा कायदा समुद्रापलीकडच्या प्रत्येकाला लागू करतां येत नाहीं. खेळतांना आपसांत इंग्रजी बोलणारीं मुलें तेथील शिक्षकांना आतां भेटूं लागलीं आहेत. १९६४ सालीं छपरावरची आकाशतार तरी दिसत होती. कोणत्या दिशेला तोंड आहे तें कळत होतें. आज सह्या करणाऱ्या साठजणांना अर्ज तरी कोणाकडे करतां येईल?

कोणी म्हणेल, चार लाखांच्या आंतल्या लोकांची ही काळजी आम्हांला कशाला? २०११ च्या शिरगणतींत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून अधिक निघाले. आंकडा मोठा खरा. पण आमच्या वाड्यांत त्या गुरुवारीं मराठी ऐकणारीं दोन माणसें उरलीं होतीं, तीं मीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत. आम्हांला हिंदी समजत असे. त्यामुळें कांहीं निराळें घडतें आहे असें वाटलेंच नाहीं. आणि गाणीं फार गोड होतीं, हेंहि खोटें कशाला सांगूं?

वडील जाऊन आतां बरींच वर्षें झालीं. त्यांच्यामागें एकदां आईजवळ या गुरुवारचा विषय निघाला. मीं म्हटलें, “इतके गुरुवार मी उठून गेलों, पण पोथींतली गोष्ट कधीं तुटल्यासारखी वाटली नाहीं, याचें नवल वाटतें.” आई दळण निवडीत होती. तिनें मान वर न करतां उत्तर दिलें, “तुटेल कशी? शुक्रवारीं ते गुरुवारचाच अध्याय पुन्हा वाचीत. आम्हां दोघींना तो दोनदां ऐकावा लागे.”